करंजतेल, हायड्रोजन आणि तिसऱ्या आठवड्यात तुंबणारा रिॲक्टर

करंजतेलापासून हायड्रोजन वापरून डिझेलसारखं इंधन करणारा आमचा रिॲक्टर पहिले दहा-बारा दिवस दृष्ट लागावी असा चालतो. करंजाचं तपकिरी, उग्र वासाचं तेल वरून आत जातं आणि खालून पाण्यासारखं नितळ इंधन पडतं. तळाशी पाण्याचा वेगळा थर, बाटली हलवली तरी दोन मिनिटांत पुन्हा स्वच्छ रेघ. मग रिॲक्टरच्या आधीच्या आणि त्यानंतरच्या सेपरेटरवरच्या (वायू आणि द्रव वेगळे करणारं भांडं) दाबाच्या गेजमधला फरक वाढायला लागतो. रोज थोडाथोडा, मग अचानक भरभर, आणि एका रात्री पंप ट्रिप होतो. त्याच सुमारास इंधनाला पिवळी झाक येते, ॲसिड व्हॅल्यू (मोकळ्या आम्लाचं माप) चढते आणि सकाळी बाटलीच्या तळाशी पांढरं, मेणचट काहीतरी साचलेलं दिसतं. रिॲक्टर थंड करायचा, उघडायचा, नवा कॅटॅलिस्ट (क्रिया घडवणाऱ्या उत्प्रेरकाच्या गोळ्या) भरायचा, सल्फायडिंग करायचं, म्हणजे त्याला गंधक चढवायचं, पुन्हा सुरू करायचं. आणि पुन्हा तिसऱ्या आठवड्यात तेच.

आमच्या छोट्या पायलट युनिटवर असा बिघाड लागोपाठ तीनदा झाला, दर वेळी लक्षणं थोडी वेगळी. तिन्ही वेळा आम्ही कॅटॅलिस्टलाच दोषी धरलं. एकदा पुरवठादार बदलला, एकदा निकेलचं प्रमाण वेगळं असलेला माल आणला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार. दोष कॅटॅलिस्टचा नव्हताच: एकदा तो थिजलेल्या नळीत होता, एकदा गंधकाच्या तुटवड्यात, आणि सर्वांत मोठा तेलाच्या पिंपात. शेंगदाणा, सोयाबीन, मोगली एरंड, उंडी, वापरलेलं तळणाचं तेल, कशावरही काम करत असाल तरी हे दुखणं तुम्हाला गाठणार, म्हणून शोधाचा रस्ता सविस्तर लिहितो.

आमची मांडणी नेहमीचीच आहे. ॲल्युमिनावर बसवलेला निकेल-मॉलिब्डेनमचा कॅटॅलिस्ट, सल्फाइड रूपात. तापमान ३३० ते ३६० अंश सेल्सिअस, दाब ५० बारच्या वर, तेल आणि हायड्रोजन दोन्ही वरून खाली.

आधी हिशेब, मग स्पॅनर

आत काय घडायला हवं याचा आकडा हाताशी नसेल तर काय बिघडलंय ते कळत नाही. डालडा कसा बनतो हे आपल्याला माहीत असतं: तेल, हायड्रोजन आणि निकेलची भुकटी. तिथे हायड्रोजन फक्त तेलातले दुहेरी बंध भरतो आणि तेल घट्ट होतं. इथे आपण त्याच्या पुष्कळ पुढे जातो. तेलाच्या रेणूतले सहाच्या सहा ऑक्सिजन काढून टाकायचे असतात आणि मागे निव्वळ कार्बन-हायड्रोजनची सरळ साखळी उरायला हवी.

करंजतेलात ओलेइक आम्ल सगळ्यांत जास्त असतं, म्हणून हिशेबाला ट्रायोलीन, म्हणजे ओलेइक आम्लाच्या तीन साखळ्यांचा तेलाचा रेणू, घेऊ. त्याच्या एका रेणूला हायड्रोजनचे १५ रेणू लागतात. त्यातले ३ दुहेरी बंधांवर जातात, १२ ऑक्सिजन काढण्यावर. हाती येतात ऑक्टाडेकेनचे (१८ कार्बनची साखळी, हेच आपलं इंधन) ३ रेणू, प्रोपेनचा १ आणि पाण्याचे ६. म्हणजे १ किलो तेलामागे साधारण ३४ ग्रॅम हायड्रोजन, वायूच्या मापात सुमारे ३८० लिटर. त्यातून मिळतं ८६० ग्रॅम इंधन, १२० ग्रॅम पाणी आणि ५० ग्रॅम प्रोपेन. दुसरी वाट अशी की ऑक्सिजन पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो. तेव्हा साखळीतला एक कार्बन गमावला जातो, ऑक्टाडेकेनऐवजी १७ कार्बनचं हेप्टाडेकेन मिळतं आणि हायड्रोजनचे ६ रेणू पुरतात. कार्बन मोनॉक्साइडच्या वाटेला ९ लागतात. प्रत्यक्षात तिन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात.

हे आकडे भिंतीवर लावून ठेवा. रोज खालचं पाणी मोजलं आणि अठरा कार्बनवाल्या व सतरा कार्बनवाल्या इंधनाचं गुणोत्तर काढलं तर बिघाडाची चाहूल दाबाच्या आधी लागते. गुणोत्तर एका बाजूला सरकायला लागलं की समजावं, कॅटॅलिस्टचा पृष्ठभाग बदलतोय. ॲसिड व्हॅल्यू तर साध्या टायट्रेशनने कळते. तेलाचे रेणू आधी मेदाम्लात तुटतात, मग आम्लांतला ऑक्सिजन जातो. म्हणून खाली आम्ल दिसू लागलं की काम अर्धवट राहतंय. बाटलीतलं ते पांढरं मेण बहुतेक वेळा स्टिअरिक आम्ल असतं, ते ६९ अंशांना वितळतं. कधी त्याच्या जोडीला मेणासारखे लांब एस्टरही असतात.

तुंबलंय नक्की कुठे?

पहिल्या वेळी आम्ही हा प्रश्न विचारलाच नाही. डिसेंबर होता. पुण्यात पहाटे पारा १०-१२ अंशांवर उतरतो आणि आमचं युनिट उघड्या शेडमध्ये. दाब वाढला, आम्ही रिॲक्टर उघडला. आतला कॅटॅलिस्टचा थर मोकळा होता. तुंबली होती ती रिॲक्टरनंतरची, सेपरेटरकडे जाणारी पाव इंची नळी.

कारण साधं आहे. ऑक्टाडेकेन २८ अंशांना गोठतं, हेप्टाडेकेन २२ ला, हेक्झाडेकेन १८ ला. खोबरेल हिवाळ्यात बाटलीत थिजतं तसंच हे इंधन नळीत थिजतं. जितकं चांगलं काम रिॲक्टर करेल तितकं हे इंधन सरळ साखळीचं, म्हणजे तितकंच गोठायला तयार. म्हणून रिॲक्टरच्या तोंडापासून सेपरेटरच्या तळापर्यंत सगळीकडे हीट ट्रेसिंग (नळ्यांवर गुंडाळलेली तापणारी तार) हवं, नळ्या ५० अंशांच्या वर राहतील असं. अर्धवट झालेलं आम्ल येऊ लागलं तर तेवढंही पुरत नाही.

ओळखायचं कसं? गेज तीन जागी हवेत: रिॲक्टरच्या आधी, रिॲक्टरच्या लगेच नंतर आणि सेपरेटरवर. पहिल्या दोघांत फरक वाढला तर थर तुंबतोय. दुसऱ्या-तिसऱ्यात वाढला तर मेण. आमच्याकडे मधला गेजच नव्हता, आणि त्यापायी कॅटॅलिस्टचा एक चांगला भराव आम्ही फेकून दिला. याची रुखरुख अजून आहे.

ओघात आलंच आहे म्हणून सांगतो: हीच गोठण विमानाच्या इंधनाच्या आड येते. जेट ए-१ ला उणे ४७ अंशांपर्यंत न गोठण्याची अट असते. त्यामुळे सरळ साखळ्यांना फाटे फोडावे लागतात, तुकडेही करावे लागतात, आणि त्यासाठी बहुधा प्लॅटिनम असलेला दुसरा कॅटॅलिस्ट लागतो. प्लॅटिनमला गंधक सोसत नाही, पहिल्या टप्प्याला तर गंधक हवंच असतं, म्हणून दोन टप्प्यांच्या मधे वायू नीट वेगळे करावे लागतात. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत अखाद्य तेलांवर याच दिशेने काम झालं. २७ ऑगस्ट २०१८ रोजी देहरादून ते दिल्ली हे स्पाइसजेटचं विमान उडालं, तेव्हा त्यात मोगली एरंडाच्या तेलापासून तिथे बनवलेल्या इंधनाचं मिश्रण होतं. तिथवर पोचायचं असेल तर पहिल्या टप्प्याचा रिॲक्टर महिनोन्महिने न तुंबता चालला पाहिजे.

मेलेला थर वाचायचा

दुसऱ्या वेळी थर खरंच तुंबला होता. यावेळी आम्ही घाई केली नाही आणि कॅटॅलिस्ट एकदम ओतून न घेता थराथराने काढला.

काढण्याआधीची काळजी आधी सांगतो, कारण इथे जीव जातात. वापरलेल्या सल्फाइड कॅटॅलिस्टमध्ये लोहाचं सल्फाइड असतं, ते हवा लागताच पेटू शकतं. नायट्रोजनच्या आवरणातच काढा. हायड्रोजन सल्फाइडचा डिटेक्टर अंगावर हवा. सडक्या अंड्याचा वास येईलच, असं धरून चालू नका, कारण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. तिसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. या प्रक्रियेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि धातुरूप निकेल व कार्बन मोनॉक्साइड थंड होताना एकत्र राहिले तर निकेल कार्बोनिल बनतं. त्याची वाफ अत्यंत विषारी असते. म्हणून रिॲक्टर २०० अंशांच्या खाली आणण्याआधी आतला कार्बन मोनॉक्साइड शुद्ध हायड्रोजनने किंवा नायट्रोजनने धुऊन काढायचा. वेळ नाही म्हणून हे टाळायचं नाही.

आता थर. सर्वांत वर काचेचे मणी होते, ते चिक्कीतल्या दाण्यांसारखे एकमेकांना चिकटले होते. त्याखाली दोन-तीन बोटं जाड, करडी-काळी, टणक खपली, स्क्रू-ड्रायव्हरने फोडावी लागली. त्याच्या खाली गोळ्या सुट्या होत्या, आणि तळाच्या गोळ्या जवळपास नव्यासारख्या. तळाच्या गोळ्या वेगळ्या काढून लहान रिॲक्टरमध्ये तपासल्या, त्या व्यवस्थित काम करत होत्या.

इथे आमचे डोळे उघडले. कॅटॅलिस्ट वयाने थकला असता तर सगळा सारखा थकला असता. वरचा मेला आणि खालचा धडधाकट, याचा अर्थ मारणारी वस्तू तेलातून येतेय आणि पहिल्या गाठीलाच बसतेय. उष्णतेचा आलेख नंतर पाहिला तर तोही हेच सांगत होता. ही क्रिया भरपूर उष्णता सोडते, त्यामुळे थरात एक गरम टापू असतो. पहिल्या आठवड्यात तो वरच्या टोकाला होता, मग रोज थोडा खाली सरकत होता. वरचा भाग बंद पडत होता आणि काम खालच्यावर जात होतं. नोंद आमच्याच वहीत होती, वाचली नव्हती.

खपली जाळून राखेचं विश्लेषण केलं. फॉस्फरस, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि थोडं सोडियम. या यादीत प्रत्येकाचा उगम वेगळा आहे, म्हणून एकेकाचा माग काढावा लागला.

फॉस्फरस: मुख्य गुन्हेगार

कच्च्या तेलात जो चिकट गाळ बसतो, तो फॉस्फोलिपिडांचा असतो. घाण्यावर त्याला कुणी गाद म्हणतं, कारखान्यात गम म्हणतात. फॉस्फरसचा आकडा २५ ने गुणला की गमचा ढोबळ अंदाज येतो. समजा तेलात २०० पीपीएम फॉस्फरस आहे, तर १०० किलो तेलात अर्धा किलो गम. रिॲक्टरच्या उष्णतेत तो तुटतो, त्यातून फॉस्फोरिक आम्ल सुटतं. ते दोन प्रकारे छळतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम भेटले तर त्यांचे फॉस्फेट बनून गोळ्यांच्या फटी बुजवतं. मोकळं राहिलं तर असंतृप्त तेलाच्या साखळ्या एकमेकींना जोडायला उत्तेजन देतं आणि डांबरासारखा कोक, म्हणजे कार्बनचा थर, तयार होतो. खपलीत दोन्ही एकत्र असतात, सिमेंट आणि खडी.

हा हिशेब करून बघा. १०० ग्रॅम कॅटॅलिस्ट, ताशी १०० ग्रॅम तेल, दिवसाला २.४ किलो. २० दिवसांत ४८ किलो तेल गेलं. तेलात फक्त ५० पीपीएम फॉस्फरस असला तरी २.४ ग्रॅम फॉस्फरस आत गेला. तो सगळा कॅल्शियम फॉस्फेट झाला असं धरलं तर १२ ग्रॅम क्षार. तेही सगळीकडे न पसरता वरच्या दोन बोटांत. तिसऱ्या आठवड्याचं कोडं यातच सुटतं. तेच तेल २ पीपीएमवर आणलं तर त्याच काळात दशांश ग्रॅम फॉस्फरस आत जातो. माझं मत आता ठाम आहे: फॉस्फरस एक-दोन पीपीएमच्या आत आणि धातू सगळे मिळून तेवढेच, याहून घाण तेल या कॅटॅलिस्टवर सोडूच नये.

डीगमिंग, म्हणजे तेलातला गम काढणं, आम्ही आधीही करत होतो, गरम पाण्याने. ते अपुरं का पडलं? फॉस्फोलिपिड दोन जातींचे. एक पाणी पिऊन फुगतात आणि खाली बसतात. दुसऱ्यांना कॅल्शियम-मॅग्नेशियम बिलगलेलं असतं, ते पाण्याला दाद देत नाहीत आणि तेलातच विरघळून राहतात. आमच्या खपलीत कॅल्शियम-मॅग्नेशियम निघालं ते यामुळेच. त्यांच्यासाठी आधी आम्ल लागतं. ते धातू ओढून घेतं, मग पाणी काम करतं.

आमची आताची पद्धत: तेल ७० ते ८० अंशांवर आणायचं, सायट्रिक आम्लाचा तीव्र द्राव घालून जोरात ढवळायचं, मग दोन-तीन टक्के गरम पाणी, हळू ढवळणं, आणि निवळू द्यायचं किंवा सेंट्रिफ्यूज. त्यानंतर पुन्हा एकदा पाण्याने धुणं. मग तेल व्हॅक्यूममध्ये कोरडं करायचं, एक-दोन टक्के ब्लीचिंग अर्थ (एक शोषक माती) घालून ९०-१०० अंशांना अर्धा तास, आणि गाळणं. ब्लीचिंग अर्थ फक्त रंग काढते असा समज आहे. उरलेला फॉस्फरस आणि धातू धरून ठेवणं हे तिचं आपल्यासाठी मोठं काम.

यात दोन खड्डे आहेत आणि आम्ही दोन्हींत पडलो. पहिला: आम्ही सुरुवातीला फॉस्फोरिक आम्ल वापरलं आणि नीट धुतलं नाही. डीगमिंगनंतर फॉस्फरस कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला निघाला, कारण तो आम्हीच घातला होता. फॉस्फोरिक वाईट नाही, कारखाने ते वापरतात, पण लहान प्रमाणावर धुण्याची खात्री नसेल तर सायट्रिक बरं. मागे राहिलं तरी त्यात फॉस्फरस नसतो.

दुसरा खड्डा बायोडिझेलच्या सवयीचा. करंजतेलात मोकळी आम्लं भरपूर असू शकतात आणि बायोडिझेलवाला त्यांना घाबरतो, कारण तिथे साबण होतो. म्हणून आम्ही कॉस्टिक सोड्याने आम्ल मारलं. वास्तविक इथे मोकळं मेदाम्ल हे विष नाही, खाद्य आहे. तेलाप्रमाणेच त्याचंही इंधन होतं. कॉस्टिक घालून आम्ही इंधन होणारा माल साबण करून फेकला आणि वर तेलात सोडियमचा साबण सोडला. राखेतलं सोडियम तिथून आलं होतं.

लोह: गाळणीतून निसटणारं

मोकळ्या आम्लांचा खरा त्रास वेगळा आहे: ती लोखंड खातात. आमचं तेल जुन्या लोखंडी पिंपांत यायचं आणि महिना-महिना पडून असायचं. आम्ही पाच मायक्रॉनची गाळणी लावून निश्चिंत होतो. पण लोह गंजाच्या कणांच्या रूपात येत नव्हतं, ते मेदाम्लांशी जोडून लोहाचा साबण झालं होतं आणि तेलात पूर्ण विरघळलं होतं. अशा लोहाला गाळणी काय करणार? रिॲक्टरच्या वरच्या टोकाला हायड्रोजन सल्फाइड भेटला की त्याचं लोह सल्फाइड होतं आणि ते गोळ्यांच्या फटीत बसतं. खपलीचा काळा रंग काही कोकचा होता, काही याचा.

उपाय खर्चिक नाही. तेल प्लास्टिकच्या फूडग्रेड पिंपांत किंवा स्टेनलेस टाकीत ठेवायचं, पंपाआधीची लोखंडी नळी बदलायची. आम्ल जास्त असेल तर गरम भागासाठी ३१६ जातीचं स्टील, त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते आम्लाला अधिक टिकतं.

तेलात एवढं आम्ल मुळात का, हे विचारायला मी घाण्यावर गेलो. म्हटलं, "काका, हे बी पावसाआधीचं की नंतरचं?"

"बी उन्हाळ्यातलंच हो," ते म्हणाले, "पण गोणी पडवीत होत्या. यंदा आषाढात पागोळ्या आत आल्या. वरच्या गोणी वाळवल्या, खालच्या तशाच दाबून राहिल्या."

त्यात सगळं उत्तर होतं. बी ओलं झालं की त्यातली विकरं जागी होतात. काही तेल तोडून मोकळी आम्लं करतात. काही फॉस्फोलिपिडांवर काम करतात आणि पाण्याने निघणाऱ्या जातीचं रूपांतर न निघणाऱ्या जातीत करतात. म्हणजे एका भिजलेल्या गोणीतून आम्ल, लोह आणि हट्टी गम हे तिन्ही त्रास सुरू होतात. आता काकांना आम्ही वाळल्या बियांचे जास्त पैसे देतो आणि ओल्या गोणींचं तेल वेगळं मागतो. एक भराव वाचला तरी तो फरक वसूल होतो.

दाब ठीक, तरी इंधन बिघडतंय?

हे तिसऱ्या वेळी झालं. तेल स्वच्छ होतं, दाब स्थिर होता, तरी ॲसिड व्हॅल्यू चढत गेली. ही वेगळी गोष्ट आहे आणि पहिल्याशी तिची गल्लत करू नका.

कॅटॅलिस्टचं काम सल्फाइड करतं. पेट्रोलियम डिझेलमध्ये गंधक आपसूक असतं, ते कॅटॅलिस्टला सल्फाइड रूपात टिकवून ठेवतं. वनस्पती तेलात ते जवळपास नसतंच, उलट क्रियेत पाणी तयार होतं. मग गंधक हळूहळू निघून जातं आणि काम मंदावतं. हे सगळ्या थरात सारखं घडतं, खपली नसते, दाब वाढत नाही. तपासायची सोपी युक्ती म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूत ओला लेड ॲसिटेट कागद धरायचा. तो काळा झाला तर गंधक आहे. पांढराच राहिला तर कॅटॅलिस्ट उपाशी आहे.

तेलात डायमिथाइल डायसल्फाइड मिसळायचं. त्यात वजनाने ६८ टक्के गंधक असतं. १ किलो तेलात ५०० पीपीएम गंधक हवं तर सुमारे ०.७४ ग्रॅम लागतं. वास असह्य आहे, हूडखालीच मोजा. वेळीच दिलं तर कॅटॅलिस्ट बऱ्यापैकी सावरतो. पहिल्या सल्फायडिंगलाही घाई नको: २३० अंशांच्या आसपास थांबून खालून हायड्रोजन सल्फाइड निघू लागेपर्यंत वाट बघायची, मगच ३२० ते ३५० पर्यंत चढायचं. गंधकाशिवाय गरम हायड्रोजन सोडला तर नव्या कॅटॅलिस्टमधल्या ऑक्साइडचा धातू होतो, आणि नंतर त्याला सल्फाइड करणं अवघड जातं.

गंधकाची ही कटकट नको म्हणून कोणी कार्बनवरचं पॅलेडियम सुचवतं. छान काम करतं, गंधक मागत नाही. पण घाणीच्या बाबतीत ते निकेल-मॉलिब्डेनमहून नाजूक आणि किंमत कितीतरी जास्त. घाण तेलावर पॅलेडियम हा उपाय नव्हे.

कोक, आणि तापमान वाढवण्याचा मोह

खपलीत फॉस्फेट कमी आणि काजळीच जास्त असेल तर प्रीहीटरकडे (रिॲक्टरआधी तेल तापवणारा भाग) बघा. तेल हायड्रोजनशिवाय ३०० अंशांपर्यंत तापलं की साखळ्या एकमेकींना जुळतात आणि नळीतच कोक सुरू होतो. हायड्रोजन तापण्याच्या आधी मिसळा. प्रमाण हिशेबाच्या किमान तिप्पट ठेवा, म्हणजे १ किलो तेलामागे हजार लिटरच्या वर. जुनं, हवा लागलेलं तेल लवकर चिकटतं, म्हणून टाकीवर नायट्रोजन असावा. आम्ही तेलात तयार इंधन मिसळूनही पाहिलं. गरम टापू बराच शांत झाला. मोठे कारखानेही उष्णता आवरायला इंधन असंच परत फिरवतात.

काम मंदावलं की ५ अंश वाढवायचे, मग पुन्हा ५, असं आम्ही पूर्वी करायचो. त्याने इंधन दोन दिवस सुधारतं आणि कोक दुप्पट वेगाने बसतो. कारण सापडेपर्यंत तापमानाला हात लावू नका.

कोक आणि फॉस्फेट वेगळे ओळखायचे तर वापरलेल्या गोळ्या नायट्रोजन मिसळून पातळ केलेल्या हवेत सावकाश ४५०-५०० अंशांना जाळा आणि पुन्हा सल्फायडिंग करून तपासा. कोक जळून जातो, फॉस्फरस आणि धातू जात नाहीत. जाळल्यावर गोळ्या पूर्ववत झाल्या तर कोक होता. नाही झाल्या तर पुन्हा पिंपाकडे जा.

एवढं करूनही थोडी घाण येणारच, म्हणून कॅटॅलिस्टच्या वर आता आम्ही गार्ड बेड ठेवतो: वर मोठे मणी, मग रुंद छिद्रांच्या, कमी क्रियाशील गोळ्या, मग बारीक, मग खरा कॅटॅलिस्ट. घाण एका जागी खपली न करता खोलवर विखुरते. दर भरावाला फक्त हा वरचा भाग बदलायचा. पण गार्ड बेडच्या भरवशावर डीगमिंग सोडू नका, वरच्या हिशेबातले १२ ग्रॅम त्यालाही पेलत नाहीत.

सध्याचा भराव सुरू करताना प्रत्येक पिंपातून शंभर मिली तेल काचेच्या बाटलीत काढून, पिंपाचा क्रमांक आणि तारीख लिहून, अंधाऱ्या कपाटात ठेवलं आहे. शेजारी वहीत त्या त्या पिंपाचा फॉस्फरस, लोह, ॲसिड व्हॅल्यू आणि बी कोणत्या गोणींचं होतं तेही. तिसरा आठवडा उलटून गेला, दाबाचा काटा पहिल्या दिवशी होता तिथेच आहे, आणि गरम टापू अजून थराच्या वरच्या टोकाला आहे.